इस्पितळातून घरी परतलेल्या मुलांची वास्तपुस्त

(दुष्काळ निवारण समितीच्या वार्षिक सभेत केलेले भाषण. समितीच्या ठरावावरून अहवालासोबत छापिले आहे.)



समितीच्या अहवालाचा मसुदा करण्याचे काम आम्हांकडे सोपविण्यात आले होते. तो मसुदा आपल्या हाती आहे. चाऱ्याच्या छावण्या, पाण्याच्या खेपा, धान्यवाटप यांचा तपशील त्यात यथास्थित दिला असून जमाखर्चाची तपासणीही झाली आहे. परंतु अहवाल मंजुरीस टाकण्यापूर्वी त्यातील एक ओळ खरी नाही, हे आम्हीच आपल्या नजरेस आणून देणे प्राप्त आहे. इस्पितळात पाठविलेल्या कुपोषित बालकांच्या सदराखाली ‘बरी होऊन घरी गेली’ असा एक रकाना आहे. त्या रकान्यात आम्ही धरलेले एक मूल आज हयात नाही. आणि त्याच रकान्यातील इतर मुलांपैकी कितीजण आज खरोखर बरी आहेत, हे समितीस सांगता येत नाही. कारण ती घरी गेल्यावर त्यांच्या दारी समितीतर्फे कोणीही गेले नाही.

ती मुलगी चौदा महिन्यांची होती. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही, व तसे करणे उचितही नाही. तिच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला, तेव्हा आपल्याच एका स्वयंसेवकाने तिला व तिच्या आईस इस्पितळात पोहोचते केले. तेथे दोन आठवडे तिची शुश्रूषा उत्तम झाली. इस्पितळाविषयी आमची काही तक्रार नाही. वजन वाढले, मुलगी हसूखेळू लागली, घरी सोडल्याचा कागद मिळाला. पंधरा दिवसांनी फेरतपासणीस आणावे, असे त्यावर लिहिले होते. आम्ही तेवढ्यावर रकाना भरला.

पुढे काय झाले ते आम्हांस दोन महिन्यांनी, धान्यवाटपाच्या रांगेत, त्या मुलीच्या आजीच्या तोंडून कळले. फेरतपासणीचा दिवस उजाडला तेव्हा आई रोजगार हमीच्या कामावर होती. इस्पितळात जावे तर दिवस मोडे आणि मजुरी बुडे. घरी आणखी दोन लेकरे होती. ‘पोर बरी आहे, पुढच्या आठवड्यात जाऊ’ असे ठरले. त्या आठवड्यात मुलीस हगवण लागली. पाणी पाजले की जुलाब वाढतात, या जुन्या समजुतीने घरच्या वडीलधाऱ्यांनी पाणी व दूध दोन्ही बंद केले. तिसऱ्या रात्री मुलगी गेली. इस्पितळाने दिलेल्या जलसंजीवनीच्या पुड्या घरातच होत्या. आढ्याला खोचून नीट जपून ठेवलेल्या, न फोडलेल्या. ‘तुमच्यापैकी कोणी आले असते तर विचारले असते,’ एवढेच आजीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

आमचा धंदा वकिलीचा. कोर्टात तीस वर्षे घालविल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते, ती अशी की हुकूमनामा हाती आला म्हणजे दावा संपला, असे नव्हे. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने एका निवाड्यात असा अभिप्राय नमूद केला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतरच सुरू होतात. येथे बसलेल्या व्यापारी मंडळींस याचा अनुभव आमच्याइतकाच असेल. दरखास्त देऊन बजावणी होईपर्यंत हुकूमनामा हा निव्वळ कागद असतो. इस्पितळातून मिळालेला सुटकेचा कागदही तसाच आहे. मूल जगण्यास पात्र झाले, एवढेच तो सांगतो. ते जगते की नाही याचा निकाल घरी, चुलीपाशी आणि पाण्याच्या हंड्यापाशी लागतो. आमची चूक ही, की वकील असूनही आम्ही हुकूमनाम्यालाच बजावणी समजलो.

आता हे असे का व्हावे, ते थोडक्यात सांगतो. अतितीव्र कुपोषित मूल दोन आठवड्यांत वजनाने सुधारते, परंतु त्याची रोगाशी झुंजण्याची शक्ती तितक्या लवकर परत येत नाही. इस्पितळात त्यास दर दोन-तीन तासांनी मोजून दिलेला दुधाचा आहार मिळतो. घरी भाकरी व पातळ वरण दिवसातून दोनदा. इस्पितळात स्वच्छ पाणी मिळते. घरी दुष्काळी विहिरीच्या तळाचे. त्यात ताप किंवा हगवण आली की भूक मरते, भूक मरली की वजन उतरते, आणि वजन उतरले की पुढचा आजार अधिक सहज येतो. आफ्रिका व दक्षिण आशिया येथील नऊ इस्पितळांत दाखल झालेल्या आजारी बालकांचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जी बालके दगावली, त्यांपैकी जवळजवळ निम्मी इस्पितळातून घरी गेल्यानंतर दगावलेली आढळली. म्हणजे आपल्या रकान्यातली ती चूक आमच्या एकट्याची नाही. ती फार ठिकाणी घडते. मात्र तेवढ्यामुळे ती क्षम्य ठरत नाही.

यावर उपाय काय? उपाय नवा नाही, आणि इंग्लंडात तो उभा केला तो एका व्यापाऱ्याने, हे या सभेस सांगण्यात आम्हांस संतोष वाटतो. लिव्हरपूल बंदरातील विल्यम रॅथबोन हे पिढीजात व्यापारी. १८५९ साली त्यांची पत्नी निवर्तली. अखेरच्या दुखण्यात मेरी रॉबिन्सन या परिचारिकेने तिची सेवा केली होती. धनवानाच्या घरीही शिकलेल्या हाताचा एवढा आधार वाटतो, तर गरिबाच्या घरी तो किती वाटेल, असा विचार रॅथबोन यांच्या मनात आला. आणि त्यांनी त्याच बाईंस तीन महिने पगार देऊन गरिबांच्या वस्तीत घरोघर जाण्यास नेमिले. थोड्याच दिवसांत त्या रडत परत आल्या. तेथील हलाखी आपणास पाहवत नाही, आपणास मोकळे करावे, असे त्यांचे म्हणणे पडले. रॅथबोन यांनी धीर देऊन त्यांस मुदत पुरी करण्यास सांगितले. मुदत संपली तेव्हा आता हेच काम करावयाचे, असे त्या स्वतःच म्हणाल्या. पुढे शिकलेल्या परिचारिका पुरेनात, म्हणून रॅथबोन यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा सल्ला घेतला, व त्या सल्ल्यानुसार लिव्हरपूलच्या इस्पितळाला जोडून परिचारिकांची शाळा बांधून दिली. शहराचे अठरा विभाग पाडले. प्रत्येक विभागास एक परिचारिका, आणि तिच्या पाठीशी त्या विभागातील एक सधन घराणे, अशी व्यवस्था लागली. औषध, अन्न, पांघरूण काय कमी आहे ते परिचारिकेने सांगावे आणि त्या घराण्याने पुरवावे, असा तो क्रम होता.

आपल्याकडेही या कामाची पूर्वपीठिका आहे. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली त्या संस्थेने ससून इस्पितळाच्या साहाय्याने स्त्रियांस परिचारिकेचे शिक्षण देवविले, आणि तेही अशा काळी की जेव्हा कुलीन घरातील विधवेने परक्याच्या रोग्याची सेवा करणे हीच लोकांस नवलाची व टीकेची गोष्ट वाटत असे. अगदी अलीकडचा दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांस शिकवून तान्ह्या बाळांच्या घरी पाठविले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून वेळीच औषध देणे, ही कामे त्या करीत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अहवाल आला. त्यानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. ही बहुतेक बाळे घरीच जन्मलेली होती, इस्पितळातून परतलेली नव्हती, हा फरक आम्ही लपवीत नाही. तथापि शिकलेल्या नजरेने दारी जाऊन पाहिले म्हणजे मूल वाचते, एवढा मुद्दा त्यावरून निर्विवाद सिद्ध होतो.

आता आपली परिचारिका घरी जाऊन करील तरी काय, हे देणगीदारांस नेमके कळले पाहिजे. ती प्रथम बसेल आणि पाहील. मूल कसे श्वास घेते, कसे पाहते, हाक मारली तर वळते का, हे पाहील. झोळीच्या काट्यावर वजन करील. पट्टीने दंड मोजील. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज आहे का ते तपासील. सर्दी-खोकला असेल तर मिनिटभर श्वास मोजील. दोन ते बारा महिन्यांच्या मुलाचा श्वास पन्नास किंवा अधिक, आणि वर्षावरील मुलाचा चाळीस किंवा अधिक भरला, तर तो न्यूमोनियाचा इशारा समजून पुढील तजवीज करील. मूल काही पीत नसेल, सर्व ओकून टाकीत असेल, झटके येत असतील किंवा गुंगीत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास इस्पितळात नेण्याची व्यवस्था करील. हगवण असेल तर जलसंजीवनीची पुडी आईच्या हातूनच फोडवून, घरच्याच भांड्यात एक लिटर पाणी मोजून ती कालवून घेईल, व चमच्याचमच्याने पाजावयास लावील. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यावयाच्या त्या नुसत्या सांगून न थांबता मोजून देईल. घरात जे आहे त्यातूनच, म्हणजे भाताची पेज, डाळ, शेंगदाण्याचे कूट, चमचाभर तेल, अंडे मिळाल्यास अंडे, असे दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे कसे भरवावे, ते आजीसमोर करून दाखवील. आजीसमोर असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण आई कामावर गेल्यावर मूल आजीपाशीच असते, आणि पाणी बंद करण्याचा निर्णयही बहुधा तेथेच होतो.

हे करताना आईस दोष देणे तिच्या कामात बसत नाही. ‘तुम्ही आला का नाहीत?’ असा प्रश्न तिने विचारू नये; ‘येण्यास काय नडले?’ असा विचारावा. पहिल्या प्रश्नाने दार बंद होते, दुसऱ्याने उघडते. उलटतपासणी करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

भेटींचा क्रम आम्ही असा सुचवितो. मूल घरी आल्यापासून दोन दिवसांच्या आत पहिली भेट. पुढे महिनाभर दर आठवड्यास एक. दुसऱ्या व तिसऱ्या महिन्यात दर पंधरवड्यास एक. आणि त्यानंतर सहा महिने पुरे होईपर्यंत दरमहा एक. मिळून एका मुलामागे बारा भेटी होतात. याशिवाय फेरतपासणीच्या दिवशी आईची मजुरी व जाण्यायेण्याचे भाडे समितीने द्यावे, हा आमचा आग्रह आहे. त्या मुलीच्या बाबतीत खिळी पडली ती येथेच. ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न याहून बिकट आहे. दसरा-दिवाळीनंतर ती बिऱ्हाडे निघून जातात आणि त्यांच्या मुलाचा माग राहत नाही. अशा मुलाचे कार्ड आईच्या हाती द्यावे, त्यावरील वजनाच्या नोंदी परिचारिकेने वाचून दाखवाव्या, व ज्या तालुक्यात बिऱ्हाड जाणार तेथील आरोग्य केंद्रास तिने स्वतः दूरध्वनी करून कळवावे. 

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, हे काम सरकारचे आहे. तो खराच आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषणमान व आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्यांपैकी एक ठरविले आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या दाव्यात अंतरिम आदेश देऊन सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकास अंगणवाडीतून ३०० कॅलरींचा, आणि कुपोषित बालकास ६०० कॅलरींचा आहार देण्याचे फर्माविले. २०११ पासून आशाताईंनी नवजात बाळाच्या घरी जाण्याचा क्रम ठरला; इस्पितळात जन्मलेल्या बाळास बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्यास सात. २०१८ मध्ये त्यात तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली. हे सर्व हुकूमनामेच आहेत आणि चांगले हुकूमनामे आहेत. समितीची परिचारिका त्यांची जागा घेणार नाही. ती त्यांची बजावणी होते की नाही ते पाहील, आणि जेथे होत नाही तेथे संबंधित अधिकाऱ्यास लेखी कळवील. असे प्रत्येक पत्र विनामूल्य लिहून देण्याचे काम आम्ही पत्करतो.

दुसरा आक्षेप असा की, आशाताई व अंगणवाडीताई असताना वेगळी परिचारिका कशास? याचे उत्तर असे की, त्या दोघींची ठरलेली भेट निरोगी बाळासाठी आहे, आणि महिन्यामहिन्यांच्या अंतराने आहे. मरणाच्या दारातून परत आलेल्या मुलास पहिल्या महिन्यात दर आठवड्याला जाणती नजर लागते. उपकेंद्राची परिचारिका आहे. परंतु नियमाप्रमाणेच तिच्याकडे सपाटीवर पाच हजार व डोंगराळ, आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या असते. तिच्याकडून बारा भेटींची अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्याय होईल. आमची योजना अशी की, नेमलेल्या परिचारिकेने प्रत्येक भेटीस आशाताईंस बरोबर न्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी परिचारिका गेली तरी शिकलेले गावात राहील.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, परंतु तो मनात असतो. इमारत बांधली तर कोनशिलेवर नाव राहते. पाण्याची टाकी दिली तर ती रस्त्यावरून दिसते. या कामात दिसावयाचे काय? उत्तर असे की, काहीच दिसावयाचे नाही. मूल वाचले तर ते चारचौघांसारखे अंगणात खेळेल, आणि त्याकडे पाहून हे अमक्याच्या देणगीने वाचले असे कोणास वाटणार नाही. त्याचे छायाचित्र काढून देणगीदारांस दाखवावे, अशीही एक सूचना आली होती. तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. आपल्या नातवाचे उपाशी छायाचित्र दुसऱ्याच्या बैठकीत लागलेले आपणांस खपेल काय? देणगीदारांस आम्ही छायाचित्राऐवजी हिशेब देऊ: किती मुले घरी आली, किती भेटी झाल्या, किती चुकल्या व का चुकल्या, किती पुन्हा इस्पितळात न्यावी लागली, आणि सहा महिन्यांनी किती जिवंत व वाढती आहेत. जी दगावली तीही मांडू.

चौथी व अखेरची शंका अशी की, पाऊस पडला, दुष्काळ सरला, आता समितीचे काम काय उरले? गृहस्थहो, गुरांची छावणी पाऊस पडताच उठविता येते. मुलांचे तसे नाही. आषाढ-श्रावणात घरातील धान्य तळास गेलेले असते, नवे पीक शेतात असते, आईबाप चिखलात दिवसभर राबतात, ओढे भरून वाटा बंद होतात, आणि हगवण व ताप याच दिवसांत बळावतात. ज्या दिवशी आपण समितीचे दप्तर बांधतो, त्याच दिवसांत त्या अशक्त मुलांची खरी कसोटी सुरू होते.

सबब आमची सभेस विनंती तीन प्रकारची आहे. एक, अहवालातील ‘बरी होऊन घरी गेली’ हे शब्द काढून त्या जागी ‘घरी सोडण्यात आली, पुढील स्थिती अज्ञात’ असे शब्द घालावे, आणि त्या एका मुलीची नोंद मृत म्हणून करावी. मसुदा आमचा होता. दुरुस्तीही आमच्याच हातून व्हावी. दोन, त्या रकान्यातील प्रत्येक मुलाच्या घरी येत्या पंधरा दिवसांत स्वयंसेवकाने आशाताईंसह जाऊन यावे. तीन, परिचारिकेचा सहा महिन्यांचा पगार, दुचाकी व पेट्रोल, वजनकाटा व पट्टी, आणि आयांची बुडणारी मजुरी, एवढ्यासाठी समितीने वेगळे खाते उघडावे, व आपण त्यात यथाशक्ति द्रव्य द्यावे. ज्यांस लिव्हरपूलच्या घराण्यांप्रमाणे एकेका गावाची पाठराखण करावयाची असेल, त्यांनी रोख रकमेऐवजी त्या गावातील मुलांपुरते डाळ, तेल व शेंगदाणे वर्षभर पुरविण्याचे पत्करले तरी चालेल. बागायतदारांस आणखी एक मागणे आहे: आपल्या रानात कामास येणाऱ्या आईचे मूल फेरतपासणीस जावयाचे असेल, तर त्या दिवसाची तिची हजेरी कापू नये. याला वर्गणीची पावती मिळणार नाही, पण कित्येक घरी याचा उपयोग मोठ्या वर्गणीइतकाच होईल.

त्या आजीबाईंस आम्ही वचन देऊन आलो आहो की, पुढच्या खेपेस कोणीतरी येईल. ते वचन सभेला न विचारता दिले, हा आमचा अधिकाराबाहेरचा वर्ताव झाला, हे आम्ही मान्य करतो. सभेने त्यास मंजुरी देऊन आम्हांस दोषमुक्त करावे, अशी नम्र प्रार्थना करून आपली रजा घेतो.